अर्धी राहिलेली पात

माघ सरत आला की माझ्या तळहातांना खाज सुटते. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ॲलर्जी आहे, साबण बदला. साबण बदलला. खाज साबणाची नव्हती, ज्वारीची होती, पण हे त्यांना सांगून काय उपयोग. सोलापुरात या दिवसांत दुपारचं ऊन चटका द्यायला लागतं, पहाटे मात्र चादर ओढून घ्यावीशी वाटते. एखादी कडब्याची गाडी आमच्या गल्लीवरून गेली की मागे कोरडा, गोडसर वास रेंगाळतो. तो वास नाकात शिरला की मी उगाचच घरभर फिरत राहतो, काढणीला हातात घालायचे जुने मोजे कपाटात शोधतो, आणि बायको विचारते की आता कुठे निघालात.

परवा आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे आमच्या गावातली धनगराची म्हातारी. मेंढरं केव्हाच विकली, आता दोन शेरडं आणि ज्वारीचं रान एवढंच तिच्याकडे आहे. कसा आहेस, बरा आहेस का असलं काही ती फोनवर विचारत नाही. "कंडक्टर, जोंधळा वाळलाय. येतूस का?" एवढंच म्हणाली. मी येतो म्हटलं, तिनं फोन ठेवला.

कंडक्टर हे माझं नाव नव्हे, पण गावात आता तेच चालतं. एसटीत उभी हयात गेली. मोहोळहून वैरागकडे जाणारी गाडी कितीतरी वर्षं माझ्याकडे होती. जिल्ह्यात म्हातारी माणसं कुठे कुठे राहतात असं मला कुणी विचारलं असतं तर मी रस्ते सांगितले असते. पुण्याच्या हायवेवर तिकिटं पुरी जातात. पाठीला सॅक लावलेली पोरं, कंपनीचे कामगार. मोहोळ सोडून गाडी आत वळली, हायवेचा आवाज मागे पडला, की म्हाताऱ्यांची अर्धी तिकिटं सुरू होतात. वैरागच्या पुढच्या फाट्यावरून आमच्या गावाच्या रस्त्याला लागलं की अर्धीही संपतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्याला आता प्रवास फुकट, त्याच्या नावानं यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. शेवटच्या थांब्याला पोचेपर्यंत अख्खी गाडी शून्याची झालेली असते.

म्हातारे फुकट हिंडतात म्हणून शहरातले लोक चेष्टा करतात. हिंडायला कोण जातं? कुणाचे डोळे, कुणाचा गुडघा, कुणाचा अंगठा मशिनीवर उमटत नाही म्हणून पेन्शन अडकलेली. एक जण नुसताच यायचा. वैरागपर्यंत यायचा, चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत जायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला की गाडीत माणसं असतात.

आमचं गाव ओस पडलंय असं म्हणतात, ते खरं नाही. दर घरात माणूस आहे. फक्त एकेकच आहे. पोरं चाकणला, हडपसरला, कुणी सोलापुरात. संध्याकाळी गावातून चाललं तर प्रत्येक दारातून एकच खोकला ऐकू येतो आणि प्रत्येक चुलीवर एका माणसाची भाकरी असते. शाळेच्या पटांगणात आक्काची शेरडं बसतात.

अशा गावातही ज्वारी मात्र वाढते डोक्याच्या वर. काळ्या रानाला माणसाच्या वयाशी काय देणंघेणं?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्यासाठी सगळे जण बांधाशी ओळीनं उभे राहतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाट्याची तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, धरतो. त्या पट्ट्याला पात म्हणतात. आपली पात उपटत उपटत पलीकडच्या बांधापर्यंत न्यायची. ज्याची आधी संपेल त्यानं बांधावर टेकायचं नाही. मागे पडलेल्याच्या पातीत पलीकडच्या टोकानं शिरायचं आणि त्याच्या दिशेनं उपटत यायचं. दोघं मध्ये भेटले की ती पात संपली. एकाचीही पात उरली असेल तर कुणी घरी जात नाही. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. आजवर तो कुणाला समजावून सांगावा लागलेला नाही.

ज्वारीत शिरलेला माणूस दिसत नाही. वर कणसं हलतात, त्यावरून तो कुठे आहे ते कळतं. लहानपणी मी बांधावर बसून हलत्या कणसांवरून माझी आई कुठली आणि आत्ती कुठली ते ओळखायचो. आईची कणसं एका लयीत हलायची. भामाआत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, चार हिसके जोरात द्यायची आणि मध्येच थांबायची. थांबली की गप्पा मारत असायची. नवरा गेल्यावर पोराला, संतोषला, काखेत घेऊन ती माहेरी आली ती कायमचीच. तिचं हसणं दोन रानं पलीकडे जायचं.

ते रान अण्णांचं असायचं. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, मिशा, पांढरं धोतर, खड्या आवाजात हाका. आमच्या वस्तीच्या बायका त्यांच्याकडे रोजानं जायच्या. आमच्या बायकांची ओळ वेगळी लागायची, रानाच्या खालच्या अंगाला. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. मागे पडलेल्या आमच्या बाईला समोरून यायची ती आमचीच बाई. पलीकडच्या ओळीतल्या बायका पात संपवून आमच्याकडे बघत बसायच्या. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं, आणि राग येतो, आणि ज्यांच्यावर राग काढायचा ती माणसं काठी टेकत चालताना दिसतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी गावी गेलो तो काढणीसाठी नव्हे. संतोषचा पुण्याहून फोन आला होता. दादा, आईला समजाव, एकटी पडून राहील एखाद्या दिवशी, तिला घेऊन ये, मी सोलापुरात येऊन नेतो. मी गेलो. आत्ती अंगणात जुन्या शर्टाच्या बाह्या कापत बसली होती. ज्वारीची पानं दंडाला कापतात, म्हणून काढणीला त्या हातात चढवतात. मी विषय काढल्यावर तिनं वर न बघता सांगितलं की काढणी झाल्याशिवाय ती गावाबाहेर पाऊल टाकणार नाही. कुणाची काढणी, असं विचारल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

अण्णा तिच्या दारात आले होते. हे माझ्या हयातीत कधी घडलं नव्हतं. दुधनीकडून कानडी टोळ्या यायच्या काढणीला, त्या यायच्या बंद झाल्या. तिकडेही म्हातारी माणसंच उरली असतील. मशीन बारक्या रानात येत नाही आणि आलं तर कडब्याची नासाडी करतं. अण्णा अंगणाच्या कडेला उभे राहून म्हणाले, भामाबाई, हात कमी पडत्यात. पूर्वी ते तिला भामे म्हणायचे. आत्तीनं त्यांना बसायला पोतं टाकलं आणि मग आपलं म्हणणं सांगितलं. रोजानं येणार नाही. सावडीनं असेल तर येते.

सावड म्हणजे हाताला हात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैसे नाहीत. आमच्या वस्तीची सावड आमच्यातच व्हायची, त्यांची त्यांच्यात. आत्तीचा तुकडा ओढ्याच्या पलीकडे, पूर्वापार आमच्या लोकांच्या वाट्याला आलेल्या खडकाळ रानात. ओढा ओलांडून आम्ही इकडे कामाला यायचो. इकडून तिकडे कामाला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. अण्णा शेवटी बरं म्हणाले. हे सांगताना आत्तीचा चेहरा असा झाला होता की सोलापूरचं नाव काढायची मला हिंमत झाली नाही.

पण त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "गौतम, माझ्याकडं येतील का रं?"

मी म्हटलं, येतील की. तिचं रान पेरणीला मागे पडलेलं, त्यामुळे काढणीलाही शेवटचं. आधी सगळ्यांकडे ती राबणार होती. शब्द पाळायची वेळ नंतर त्यांची येणार होती.

मग मीही थांबलो. ओळ लागली. अण्णा, आक्का, आत्ती, मी, आणि आणखी काही म्हातारे. एकच ओळ, वरची-खालची नाही. पाण्याची कळशी एक आणि तांब्याही एकच. लोक म्हणतात काळ बदलला. माझं म्हणणं वेगळं आहे. मनं मोठी झाली म्हणून ती ओळ एक झाली नाही, माणसं संपली म्हणून झाली. दोन ओळी लावायला माणसं लागतात.

त्या ओळीत साठी ओलांडलेला मी पोरगं होतो. "पोरगं हाय, त्याला कडंची पात द्या, जड असती," असं आक्का म्हणायची आणि सगळे गंभीरपणे माना हलवायचे. वाकताना सगळ्यांचे गुडघे एकदम वाजायचे. त्या वर्षी पिकावर चिकट्याचा रोग पडला होता, पानं हाताला डसायची, काळं मेणचट काहीतरी बोटांवर साचायचं. ज्वारीचं ताट, म्हणजे धांडं, उपटायला जोर लावला की तोल जाऊन माणूस मागे बसायचा, आणि एकदा बसला की बसूनच राहायचा. सुरुवातीला कणसं हलायची थांबली की शेजारचा हाक मारायचा. आतून उत्तर यायचं, "दम खातीया." हळूहळू हाका बंद झाल्या. एक ना एक जण सतत दम खात असायचा, कुणाकुणाला विचारणार? कणसं थांबलेली असणं हीच तिथली रीत होऊन बसली.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडताना मात्र बरं वाटायचं. आत्ती अण्णांची थट्टा करायची. तुमची पात वाकडी जाती, डोळ्याचं आपरेशन करून घ्या म्हणायची. अण्णा हसायचे. पुढचे दोन दात नाहीत म्हणून तोंडावर हात धरून हसायचे. मला ते हसणं आवडत नव्हतं असं नाही, पण मी त्यात सामील झालो नाही.

आक्काच्या रानात शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे आत्तीकडे जायचं ठरलेलं. सकाळपासून ती कमी बोलत होती. मला वाटलं, उद्याची काळजी. ऊन चढल्यावर तिची कणसं हलायची थांबली. मी पाहिलं. आक्कानं पाहिलं. माझ्या दुसऱ्या बाजूचे एक अप्पा तेव्हा बसलेलेच होते. कुणाला काही वाटलं नाही.

अण्णांची पात आधी संपली. नियमाप्रमाणे ते पलीकडून आत्तीच्या पातीत शिरले. त्यांची कणसं हळूहळू तिच्याकडे सरकताना मला दिसत होती. दोन हिसके, मग थांबणं, मग दोन हिसके. बराच वेळ गेला. मग त्यांचीही कणसं थांबली आणि अण्णांनी मला हाक मारली. आवाज मोठा नव्हता.

आत्ती उपटलेल्या ताटांना पाठ टेकून बसली होती. मुठीत एक ताट होतं, मुळाला माती तशीच. डोळे मिटलेले. अण्णा थेट तिच्या पायापाशी येईपर्यंत उपटत आले होते. आता ते तिच्या शेजारी खाली बसले होते, हातात मोजे तसेच.

"मला वाटलं, दम खातीया," ते म्हणाले.

आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले की लगेच धावला असता तरी काही झालं नसतं. असेलही. पण धडधाकट माणसांच्या ओळीत एखादी बाई एवढा वेळ गप्प बसली असती तर कुणीतरी ओरडलं असतं. आमच्या ओळीत गप्प बसणं हे जिवंत असण्याचंच लक्षण होतं.

संध्याकाळी संतोष आला, पुण्याहून एक-दोन नातेवाईक आले. पांढरं कापड, मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील. उचलायची वेळ आली तेव्हा आमच्या वस्तीतून मी आणि संतोष सोडून धड उभा राहू शकणारा कुणी नव्हता. अण्णा पुढे आले आणि त्यांनी खांदा दिला. एका नातेवाइकानं मोबाइलवर फोटो काढला आणि तिथेच स्टेटसला टाकला, हीच खरी समता म्हणून. मला त्या मोबाइलचे तुकडे करावेसे वाटले. खांदे नव्हते म्हणून तो खांदा होता. मात्र खोटं कशाला बोलू, ओढ्यापर्यंत येईतो अण्णा रडत होते. त्या रडण्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

संतोष म्हणाला, दादा, ते रान राहू दे, कुणाची तरी जनावरं सोडा त्यात. त्याचंही बरोबर होतं, त्याला सुट्टी नव्हती. तो गेल्यावर एका सकाळी मी आत्तीच्या दाराला कुलूप घालत होतो, तेव्हा ओढ्याकडे बोलण्याचा आवाज आला. बघतो तर ओळ येत होती. कोरड्या ओढ्यातले दगडगोटे चुकवत, एकमेकांचे हात धरत. पुढे आक्का. मागे अण्णा, एका हातात काठी, दुसऱ्यात मोजे. मी म्हटलं, संतोष नको म्हणालाय.

"त्याला काय इचारायचं," अण्णा म्हणाले. "तिचे हात आमच्या रानात पडल्यात."

बांधाशी सगळे उभे राहिले. आक्कानं माझ्या शेजारची तासं सोडायला लावली. ही भामाची, म्हणाली. मग सगळे वाकले. खडकाळ रान, ताटं बारकी, मुळं चिवट. आत्ती, तू विचारलं होतंस ना येतील का, बघ, आलेत, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेन. म्हणून काय होणार होतं? तिला एवढंच बघायचं होतं आणि नेमकं तेवढंच राहिलं.

दुपार कलल्यावर सगळ्या पाती पार झाल्या. मधे तिची एक तेवढी उभी. मी या टोकानं शिरलो. उपटत निघालो, आणि सवयीनं कान पलीकडे लावून होतो. समोरून कुणीतरी येणार. अर्ध्यात आलो तरी आवाज नाही. उभा राहून पाहिलं. पलीकडच्या बांधावर सगळे बसले होते. आक्का पाय पसरून, अण्णा काठीवर कपाळ टेकून. त्यांना उठायचं नव्हतं असं नाही. उठता येत नव्हतं. मी ती पात एकट्यानंच काढली आणि नियम मोडला म्हणून कुणी कुणाला काही बोललं नाही.

यंदा अण्णा नाहीत. म्हणजे आहेत, पण दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्यांच्या रानात कुणा कंत्राटदाराचा ऊस उभा आहे. आत्तीचं रान पेरलंच नाही, तिथं गवत आणि कुसळं. बाकीच्या ओळीतलं कुणी अंथरुणाला खिळलंय, कुणी लेकीकडे गेलंय, कुणी गेलंच.

आक्काच्या फोननंतर मी निघालो, मोहोळला गाडी बदलली. कंडक्टर तरुण पोरगी होती. मला यंदाच पासष्ट पूर्ण झाली, कार्ड दाखवलं तर तिनं न बघताच अर्धं तिकीट काढून दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेलं ते तिकीट मी हातात धरून बसलो. फाट्याच्या पुढे गाडीत तेच ते चेहरे, तेच शून्याचे. मी त्यांच्यात बसलो होतो आणि कुणालाही ते वेगळं वाटत नव्हतं.

आक्का रानातच होती. कमरेत पार वाकलेली, हातात भामाआत्तीच्या त्या कापलेल्या बाह्या. संतोषनं टाकायला काढल्या होत्या, तिनं ठेवून घेतल्या. मी विचारलं, बाकी कोण येणार? ती हसली. दोघांची ओळ कुठे लावायची, म्हणाली. एकच पात धरू. मी हिकडनं येते, तू तिकडनं ये.

मी बांधाला वळसा घालून पलीकडे गेलो. मोजे चढवले, वाकलो. मुळं उपटताना भेगाळलेली जमीन टरटर फाटते, तो आवाज सोडला तर रानात काही नव्हतं. लांब तिची कणसं हलत होती. मग थांबली.

मी उभा राहिलो. वाट पाहिली. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग मी पात सोडली आणि उभ्या ज्वारीतून ताटं मोडत, कणसं तुडवत पळत सुटलो. पोचलो तेव्हा आक्का मातीत बसून तंबाखू चोळत होती.

"ऐकू येत न्हाय मला," ती म्हणाली. "माल तुडवत आलास व्हय? जित्ती हाय मी. जा, तिकडनं ये."

मोडलेल्या वाटेनं परत माझ्या टोकाला गेलो. तेव्हापासून थोडं उपटलं की मी बेंबीच्या देठापासून हाक मारायचो आणि ती शिवी घालून ओ द्यायची. तसंच चाललं होतं. ऊन डोक्यावर आलं. एकदा ताट उपटताना माझाच तोल गेला आणि मी मागे बसलो. छाती भरून आली होती. डोळ्यांसमोर पांढरं ऊन आणि काळी माती एवढंच दिसत होतं. उठावंसं वाटेना. किती वेळ गेला कळलं नाही, पण माझी कणसं थांबलेली तिला दिसली असणार.

"कंडक्टर," पलीकडून तिची हाक आली. "हायस का?"

"हाय," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून हात वर करून एक ताट हलवलं.